दोन बोटं कापड

मी तिसरी पास. चौथीत मास्तरांनी माझ्या पाटीवर काढलेला घोडा थुंकी लावून पुसला, म्हणून दप्तर उचललं आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. मास्तर स्वतः बोलवायला आले तरी गेलो नाही. तेव्हा माझ्या लिहिण्यातले ऱ्हस्वदीर्घ कुणी शोधत बसू नये. त्याऐवजी मी जडवलेली एखादी तसबीर भिंतीवरून खाली घ्यावी, कोपऱ्यावर नख फिरवावं आणि सांधा लागतो का बघावं. लागणार नाही. नाशकात पंचावन्न वर्षं मी हे काम केलं. देव जडवले, लग्नाची जोडपी जडवली, पुढारी जडवले, मेलेली माणसं तर किती जडवली. परत आलेली चौकट एकही नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे सांगायचं आहे ते कापण्यातल्या एका चुकीबद्दल आहे आणि ती चूक माझी आहे. आजवर ती मी एकाच माणसाला सांगितली. तो माणूस गेला.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती सालं. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेन. आमचं दुकान भद्रकालीकडून तांबट आळीकडे जाताना मधल्या बोळात होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. बायको पहिल्या बाळंतपणाला विंचूरला माहेरी गेली होती. घरात मी, आई आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू झाला होता, तो एका फिरत्या वैद्याने सुईने काढला आणि होतं नव्हतं तेही गेलं. छातीत कफ धरलेला. पण दुकानातली एकही चौकट त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिळत नसे. चारी कोपरे चाचपायचे, मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, मोजायचे, काच बोटाने टिचकावून ऐकायचे. मग म्हणायचे, "जाऊ दे." एवढंच. "छान झालीय" असं त्यांनी मला जन्मात म्हटलं नाही.

आबा मूळचे तसबीरवाले नव्हेत. आमचं घर चिताऱ्यांचं. देवळांच्या भिंती, पालख्या, रथाचे खांब, गणपती, आणि मोठ्या घरांतून माणसांची चित्रं. गावात फोटोचे स्टुडिओ आले आणि ते काम बसलं. आबांनी कुंचला ठेवला आणि करवत धरली. त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. फक्त कुणी फोटो जडवायला आणला की विचारायचे, "सावली आली का रे?" फोटोला ते सावलीच म्हणायचे.

एक दिवस पंचवटीतले एक वकीलसाहेब टांग्यातून एक चित्र घेऊन आले. धोतरात गुंडाळलेलं. तेलरंगातलं, कापडावर काढलेलं, दोन हात उंच. त्यांचे आजोबा, जुन्या काळचे मामलेदार. लाल पागोटं, पांढरा अंगरखा, कानात भिकबाळी, डाव्या हातात घडी केलेला कागद. चेहरा असा की समोर उभं राहिलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. पुढे मागे कुठेच सही नव्हती.

"आठ दिवसांनी वाचनालयाच्या नव्या दालनात लावायचंय," वकीलसाहेब म्हणाले. "खाली पितळेची पाटी येणार. जपून कर. विलायती साहेबाच्या हातचं आहे."

"कोण साहेब?" मी विचारलं.

"नाव माहीत असतं तर पाटीवर घातलं नसतं का? पण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, साहेबाचं आहे."

आबा तेव्हा मागच्या खोलीत झोपले होते. त्यांना यातलं काही कळलं नाही.

मी जुनी चौकट काढली. मागच्या लाकडात वाळवी लागली होती. कापडाच्या कडा लाकडावर दुमडून चुकांनी ठोकलेल्या होत्या, चुका गंजलेल्या, भोवतीचं कापड कुजलेलं. ओढलं की फाटत होतं. आता आबांचा एक नियम होता. तो त्यांनी मला पहिल्या दिवशी करवतीच्या आधी शिकवला होता: घडी उलगडल्याशिवाय कापायचं नाही. आत काय आहे ते बघायचं, मग सुरी लावायची. मला तो नियम पाठ होता. पण कडा कुजक्या होत्या, हात चालत होता आणि मला वाटलं, या चिंध्यांत बघायचं काय? पट्टी ठेवली आणि चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कापड सरळ कापून टाकलं. रेघ अशी आली की मीच दोनदा बघितली. मग सागाच्या फळीवर सरसाने चिकटवलं. सरसाच्या भांड्याखालची शेगडी मंद झाली होती, तेव्हा त्या कापलेल्या पट्ट्या तिच्यात घातल्या. तेल प्यालेलं कापड, भुर्रकन पेटलं. सरस मस्त पातळ झाला.

दुसऱ्या दिवशी चौकट तयार होऊन मागच्या खोलीत भिंतीला उभी होती. काच अजून बसवायची होती. आबा भिंत धरत धरत आले, खाली बसले, चारी कोपरे चाचपले. मग त्यांचं बोट कापडावर सरकलं. ते असं कधी करत नसत. बोट वर गेलं, थांबलं, परत तिथेच फिरलं.

"थांब," ते म्हणाले, जसा काही मीच हललो होतो. "हा कोण आहे?"

"वकिलांचा आजा. मामलेदार होता. साहेबाने काढलंय म्हणतात."

"लाल पागोटं हाय?"

"हो."

"डाव्या हातात कागद?"

मी वळून चित्राकडे बघितलं. कागदाचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, आईलाही सांगितलं नव्हतं.

"उजव्या कानाखाली कापडात गाठ हाय," आबा म्हणाले. "विणताना पडलेली. हात लाव. तिच्यावर मी भिकबाळीची सावली टाकली होती, दिसू नये म्हणून." त्यांचं बोट त्या गाठीवरून निघेना. "हे मी काढलंय."

आई दारात निवडायचं सूप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, मला कधी बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी?"

"मी काय विचारू, मामलेदार काढला का म्हणून?"

मग आबांनी सांगितलं, आणि ते इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. अठरा वर्षांचे होते. चुलत्याने काम घेतलं होतं. चुलत्याचा दुकानच्या कापडावर विश्वास नव्हता, म्हणून येवल्याच्या विणकराकडून जाड सूत घालून विणून आणलं. चित्र तिघांनी काढलं: चुलता, चुलतभाऊ आणि आबा. एकाने अंगरखा, एकाने मागची खिडकी, असं वाटून. त्या वर्षी चुलत्याचा हात थरथरायला लागला होता. तो म्हणाला, तोंड तू काढ.

"आमच्यात नाव घालायची रीत नव्हती," आबा म्हणाले. "देवळाच्या भिंतीवर कोण नाव घालतं? पण घरातल्या घरात कळायला खूण असायची. तोंड ज्याच्या हातचं, त्याचे ठिपके. चुलत्याचा एक, चुलतभावाचे दोन, माझे तीन. काळ्या रंगात. कापडाच्या घडीत, उजव्या अंगाला खाली. ठोकलं की दिसत नाही. दुकानात ने, मागून उघड नि बघ."

चौकट उचलून मी दुकानात गेलो. बघायला काही नव्हतं. शेगडीजवळ उभा राहिलो. सकाळीच आईने राख भांड्यांना नेली होती. उजव्या अंगाला खाली. ती पट्टी मी दुसऱ्यांदा घातली की तिसऱ्यांदा, ते आठवायचा प्रयत्न केला. तिच्यावर काळं काही होतं का? डाग होते. सगळ्या पट्ट्यांवर डाग होते, गंजाचे.

परत मागे गेलो. आबांनी मान वर केली होती, आंधळी माणसं करतात तशी.

आणि मी म्हणालो, "बघितलं आबा. काही नाही."

"घडी उलगडून बघितलंस?"

"उलगडून बघितलं."

एवढंच सांगायचं होतं की कापलं. दोन शब्द. पण उभ्या जन्मात ज्या माणसाने माझं एकदाही कौतुक केलं नाही, त्याला मी त्याचा पहिला नियम मोडला हे कसं सांगू?  आबांनी मान खाली केली. मग म्हणाले, "असं कसं होईल?" आणि उठून भिंत धरत आत गेले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी ठरवलं, दुसरा पुरावा आणायचा. ठिपके सोडून दुसरा. म्हणजे आबांचंही खरं होईल आणि माझंही झाकेल. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ती अक्कल वाटली.

पहिल्यांदा वकीलसाहेबांकडे गेलो. ओसरीवर त्यांचा कारकून होता. मी सांगितलं तसा तो फिसकन हसला. "तुझे वडील? ते चाचपून चाचपून बोळात जातात ते?"

"तेव्हा दिसत होतं त्यांना," मी म्हणालो. "तुम्हाला आज दिसतंय त्यापेक्षा जास्त."

वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हे बघ, तुझ्या वडिलांनी काढलं असेल तर मला आनंदच आहे. पाटी अजून खोदायची आहे. मी त्यांचं नाव घालीन. पण बापाने सांगितलं हा पुरावा नव्हे. लाल पागोटं नि कागद तू त्यांना सांगितला असशील. गाठ त्यांनी त्याच वेळी चाचपली असेल. एखादी खूण आण, एखादा कागद आण." मग म्हणाले, "चौकट उघडून कडा बघू या का? जुन्या चित्रांच्या कडेला कधीकधी काही असतं म्हणतात."

मी घाईने म्हणालो, "फळीवर चिकटवलंय साहेब. उचकटलं तर रंग निघेल."

हे खरं होतं. पण मी ते त्यासाठी बोललो नव्हतो.

"मग राहू दे. चार दिवस आहेत तुला," ते म्हणाले.

म्हणजे ज्याला मी मनात शिव्या देत गेलो होतो तो माणूस सरळ निघाला. त्याने दार उघडलं होतं. ते मी लावून आलो.

दुसऱ्या दिवशी मोटार पकडून येवल्याला गेलो. विंचूरला मोटारीत पाणी घालायला थांबले. सासुरवाडी तिथून हाकेच्या अंतरावर. बायकोचे दिवस भरत आलेले. उतरून तोंड दाखवून येता आलं असतं, ड्रायव्हर थांबला असता. मी खाली मान घालून बसून राहिलो. आता कुणाला तोंड दाखवायचं नाही असं झालं होतं.

येवल्यात विचारत विचारत एका म्हाताऱ्या मुसलमान विणकराकडे पोचलो. माग बंद करून तो चहा पीत होता. त्याच्या बापाच्या वेळेपासून नाशकाच्या चिताऱ्यांना जाड कापड त्यांच्याच घरून जात होतं. मला उडी मारावीशी वाटली.

"म्हणजे तुम्ही ओळखाल?" मी म्हणालो. "कापडात एक गाठ आहे, कानाखाली."

"गाठ सगळ्यांच्या कापडात असते, बेटा. माणसानेच विणलेलं असतं." त्याने हात पुढे केला. "किनार आण इकडे. किनार बघितली की सांगतो कुणाच्या मागावरचं, कुणाच्या बापाच्या हातचं. आमच्या घरच्या किनारीला दोन दोरे दुहेरी असतात."

"किनार नाही," मी म्हणालो.

"कुठे गेली?"

"नाही."

त्याने मला नीट बघितलं. "मग मी काय ओळखू, हवा?" तो म्हणाला. पण वाईट बोलला नाही. बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. "कापणाऱ्याने बघायला पाहिजे होतं," तो म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं, तो आपला सहज बोलला. मी बशी तशीच ठेवून उठलो.

घरी आलो तर आबा पडवीत बसलेले. मी काय आणलं ते त्यांनी विचारलंच नाही. स्वतःच म्हणाले, "मी विचार केला. चुलत्याने काढलं असेल तोंड. मी पागोटं काढलं असेल. पागोटं मला आठवतंय बरोबर, एकेक पीळ. माणसाला वय झालं की आपलंच वाढवून आठवतं."

"तुम्हीच काढलं, आबा."

"मग ठिपके कुठं गेले?"

मी चपला काढायला लागलो. ते म्हणाले, "बघ, तुलाही वाटतंय."

तुम्हाला सांगतो, साहेबाने काढलं असं लोक म्हणत होते तेव्हा आबा तडफेने बोलत होते. आता ते बोलायचेच थांबले होते. आयुष्यात एक गोष्ट त्यांनी मनात ठेवली होती, कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा. तीच आता ते स्वतःच्या हाताने पुसत होते, आणि पुसायचं फडकं मी दिलं होतं. कफ वाढला. आई काढे करत होती. ती मला म्हणाली, "तुझ्या त्या मामलेदाराने घर धरलंय. ने एकदाचा."

एक वाट उरली होती. सांगताना आबांच्या तोंडून निघून गेलं होतं की चित्र चालू असताना मामलेदाराची दाढी करायला आबांच्याच वयाचा एक न्हावी यायचा. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेवर, रामकुंडाच्या वरच्या अंगाला, यात्रेकरूंची डोकी करणारे न्हावी बसत. त्यांच्यात सगळ्यांत म्हातारा कोण ते बघून त्याच्यापुढे जाऊन बसलो.

"बाप गेला का?" त्याने वस्तरा काढत विचारलं.

"नाही गेला. अजून."

"मग डोकं कशाला पुढे करतोस? उठ, गिऱ्हाईक बसू दे."

मी मामलेदाराचं सांगितलं. म्हाताऱ्याने वस्तरा मांडीवर ठेवला आणि तोंड भरून हसला. "अरे, तो! त्याच्या मिशीने माझा जीव खाल्ला. दिवसाआड मिशी कातरायची, का, तर चित्र चाललंय, मिशी वाढली तर चिताऱ्याचं चुकेल. एकदा मी जरा जास्त उडवली, तर मामलेदार ओरडला ते निराळंच, पण तो चितारी माझ्या अंगावर आला!"

"चितारी? साहेब नव्हता?"

"कसला साहेब! भद्रकालीकडचे तिघं होते. पडवीत भाकरी खायचे, आमच्यातच बसून. साहेब एकदा आला होता, कुणीतरी मोठा, मामलेदाराकडे जेवायला. चित्रापुढे उभा राहिला, गुड गुड म्हणाला आणि गेला. साहेबाने एवढंच काढलं!"

मी त्याचा हात धरला. "तोंड कुणी काढलं? तिघांत कुणी? अंगावर कोण आला होता?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "खोटं नाही बोलणार गंगेवर. एक मोठा होता, दोन पोरगे होते. ओरडला तो कोण, ते आता डोळ्यापुढे येत नाही. मी मिशीकडे बघत होतो, बाबा. चिताऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं?"

"वकीलसाहेबांपुढे येऊन एवढं तरी सांगाल का, की साहेबाने काढलं नाही?"

त्याने वस्तरा उचलून पट्ट्यावर घासायला घेतला. "माझा मुलगा त्या घरी दाढीला जातो," तो म्हणाला. "घरात साहेब म्हणतात तर साहेब. तू तुझ्या घरी काय म्हणायचं ते म्हण."

मी एकटाच वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकलं. "न्हावी येईल का इथे?" विचारलं. मी म्हणालो, नाही. "त्याने तुझ्या वडिलांना ओळखलं?" मी म्हणालो, नाही. त्यांनी हात पसरले. कारकून तेव्हा हसला नाही, हे मला जास्त लागलं. पाटी तांबट आळीत खोदून झाली होती.

वाचनालयात चित्र टांगायला मलाच जायचं होतं. ज्याची चौकट त्याने टांगायची, अशी रीत आहे, आणि मी दुसऱ्याला हात लावू दिला नसता. सकाळची वेळ होती, दालनात खुर्च्या मांडत होते. मी खिळे ठोकले, दोरी ओढून बघितली, चित्र सरळ केलं. मामलेदार माझ्याकडे बघत होता. मग कारकुनाने पाटी माझ्या हातात दिली. माझ्या तिसरीच्या वाचण्याने ती मी वाचली. वर मामलेदाराचं नाव, आणि खाली, 'एका युरोपियन चित्रकाराने काढलेले.'

दोन स्क्रू होते. माझ्या पेचकसाने मी ते फिरवले. दुसरा स्क्रू फिरवताना एकदा वाटलं, इथेच ओरडावं, की मी कापलं, मी जाळलं, काढा ही पाटी. माणसं खुर्च्या ओढत होती. वकीलसाहेब हार आणलेल्या माणसाशी बोलत होते. मी स्क्रू घट्ट केला. माझा स्क्रू ढिला राहत नाही.

घरी आलो. उन्हं पडवीत आली होती. आबा गोधडी पांघरून तिथेच पडले होते, श्वास घरघरत होता. आई कपडे धुवायला गंगेवर गेली होती.

"लावलंस?" आबांनी विचारलं.

"लावलं."

"पाटी?"

"लावली."

"काय लिवलंय?"

मी वाचल्याप्रमाणे सांगितलं. आबांनी मान हलवली. "बरोबर असेल," ते म्हणाले. "साहेबच असेल. मी काय, असेन तिथे रंग घोटायला."

पागोटंसुद्धा गेलं होतं. पागोट्याचे पीळसुद्धा.

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "आबा, मी कडा कापल्या."

त्यांची मान माझ्याकडे वळली.

"तुम्ही सांगायच्या आधीच कापल्या होत्या. उलगडून बघितलं नाही. शेगडीत घातल्या. तुम्हाला खोटं सांगितलं."

घरघर थांबली. मला वाटलं, हे ऐकूनच गेले की काय. मग आबा हाताने जमीन दाबत उठून बसू लागले. मी धरायला गेलो तर माझा हात झटकला.

"किती कापलंस?"

"काय?"

"बहिरा झालास काय? किती कापलंस?"

"दोन बोटं. चारी बाजूंनी."

"दोन बोटं!" त्यांना खोकला आला, पण ते खोकल्यातूनही बोलत राहिले. "दोन बोटं कशाला रे, गाढवा? एक बोट पुरलं असतं! बाहेरचं चुकांचं एक बोट कापायचं, आतलं चित्रालगतचं ठेवायचं. ठिपके बरोबर आतल्या बोटात होते. तुला काय शिकवलं मी? काय शिकवलं?"

"घडी उलगडल्याशिवाय कापायचं नाही."

"आणि?"

"उलगडली नाही."

"माझं चित्र कापलंस," आबा म्हणाले. इतक्या दिवसांनी तो शब्द पुन्हा त्यांच्या तोंडी आला. माझं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मला मारायला त्यांनी हात उगारला आणि मी कुठे आहे ते न दिसल्यामुळे तो गोधडीवर पडला. मी तो उचलून माझ्या गालावर लावला असता, पण तसं आमच्यात कुणी करत नाही.

आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली तर आबा मला शिव्या देत होते. ती दारातच थांबली. म्हणाली, "बरं वाटतंय वाटतं."

त्यानंतर आबा चार दिवस होते. मी म्हणालो, वकीलसाहेबांना जाऊन सगळं सांगतो. आबा म्हणाले, "सांगून काय दाखवशील? राख? गप बस." त्यांना पाटीचं काही पडलं नव्हतं. त्यांना कापण्याचं पडलं होतं. मला दुकानातून जुनी चादर आणायला लावली. पट्टी, सुरी, फळी. गोधडीजवळ बसवून मला एक बोट कापायला लावलं. कापलेली पट्टी त्यांच्या हातात द्यायची. ते दोन्ही बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचे.

"इथे जाड. इथे बारीक. पुन्हा."

सव्वीस वर्षांचा, स्वतःचं दुकान चालवणारा, उद्या बाप होणारा माणूस मी. शेजारची माणसं समाचाराला यायची आणि हे बघत उभी राहायची. मी कापत होतो. चादर संपली, आईने आपलं जुनं लुगडं दिलं.

ती पट्टी जाळण्याआधी मी बघितली नाही. ठिपके होते की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण होते. तीन होते. यावर कुणी माझ्याशी वाद घालायला येऊ नये. पाटी पुढे बरीच वर्षं तिथेच होती, मी तिच्याखालून परत कधी गेलो नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी एक पट्टी कापली. माझ्या हातून त्याआधी आणि त्यानंतर तशी सरळ रेघ आली नाही. आबांच्या हातात दिली. त्यांनी ती सरकवली, हळूहळू, शेवटच्या टोकापर्यंत. मग परत उलटी सरकवली. मी वाट बघत होतो.

"अजून जाड हाय," ते म्हणाले.